घन इंच की टर्बोचं तोंड? ट्रॅक्टर पुलिंगच्या क्लास-नियमांचा वाद

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या तुमच्या काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या भागाच्या) पुलिंग क्लबात ‘हॉट फार्म’ नावाचा क्लास आहे. ड्रायव्हरसकट वजन ९५०० पौंड, इंजिनाच्या सिलिंडरांची एकूण क्षमता ४६६ घन इंचांपर्यंत, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) एकच आणि त्याचं हवा आत घेणारं तोंड ३ इंचांचं. हिवाळ्यातल्या बैठकीपुढे तीन सूचना आल्या आहेत. पहिली, घन इंचांची मर्यादा काढून टाका. दुसरी, इंजिनाच्या फेऱ्यांवर म्हणजे आरपीएमवर मर्यादा घाला. तिसरी, हे सगळं सोडा, सरळ हॉर्सपॉवर मोजा आणि त्यावर क्लास ठरवा. तुम्ही शेजाऱ्याच्या टीममध्ये हौसेने काम करता, मत द्यायची पाळी आली आहे आणि तिन्ही बाजू पटतात.

माझं मत असं. तिसरी सूचना पाडा, दुसरीही पाडा. पहिलीला पाठिंबा द्या, पण एका अटीवर: घन इंच काढायचे त्याच ठरावात टर्बोचं तोंड ३ वरून २.६ इंचांवर आणायचं. हे दोन्ही एकत्र होणार नसेल तर आहे तो नियम राहू द्या. मी पेशाने डिझेल इंजिनातला, आणि उन्हाळ्यात शनिवार-रविवारी काउंटी फेअरच्या, म्हणजे तिथल्या जत्रेच्या, मैदानांवर ट्रॅक्टर तपासणीचं काम बरीच वर्षं केलं आहे. त्यामुळे कागदावर चांगला दिसणारा नियम मैदानावर कुठे फसतो, हे जवळून पाहिलंय.

खेळ नवीन असलेल्यांसाठी दोन शब्द. ट्रॅक्टरच्या मागे जो स्लेड जोडतात तो साधा मेलेला भार नसतो. स्लेडच्या मागच्या चाकांवर जड वजनाची पेटी असते. ट्रॅक्टर पुढे निघाला की स्लेडच्या चाकांवरूनच गिअर फिरतात आणि ती पेटी पुढे पुढे सरकत जाते. भार चाकांवरून उतरून पुढच्या लोखंडी तव्यावर येतो, तवा मातीत घासतो, ओढ वाढत जाते. शेवटी ट्रॅक्टर जागच्या जागी चाकं फिरवत थांबतो किंवा ३०० फूट पार करतो. त्याला ‘फुल पुल’ म्हणतात. युरोपात हेच अंतर १०० मीटर धरतात. असे वजन सरकवणारे स्लेड १९७० च्या दशकात आले. त्याआधी ठरावीक अंतरांवर माणसं उभी असत आणि स्लेड जवळ आला की एकेक जण त्यावर चढे. खेळ त्याहूनही जुना आहे. इंजिनाच्या ट्रॅक्टरांच्या पहिल्या स्पर्धा १९२९ साली ओहायोतल्या व्हॉन्सव्हिल आणि मिसुरीतल्या बोलिंग ग्रीन इथे झाल्याची नोंद आहे. जो तो आपल्या गावचे नियम लावत असे. शेवटी १९६९ साली काही राज्यांच्या प्रतिनिधींनी एकत्र येऊन नॅशनल ट्रॅक्टर पुलर्स असोसिएशन, म्हणजे एनटीपीए, काढली ती मुख्यतः नियम एकसारखे करण्यासाठी. म्हणजे तुमच्या बैठकीतलं भांडण या खेळाइतकंच जुनं आहे.

आता हॉर्सपॉवर. ऐकायला सर्वांत न्याय्य वाटते ती हीच सूचना, आणि सर्वांत लवकर मोडते तीही हीच. डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, ट्रॅक्टर लावायचा आणि आकडा घ्यायचा, इतकं सोपं असतं तर सगळ्यांनी कधीच केलं असतं. पण डिझेलमध्ये ताकद इंधनपंपावर ठरते. डायनोवर येताना पंप मागे घेतला, टायमिंग (इंधन सोडायची वेळ) थोडं खाली आणलं, की आकडा हवा तितका. ओढायच्या वेळी तो पुन्हा पुढे. इलेक्ट्रॉनिक इंजिन असेल तर एक बटण पुरतं. यावर उपाय एकच, प्रत्येक ओढीनंतर लगेच डायनो, आणि रात्री अकरा वाजता फेअरच्या मैदानावर ते कोणी करणार नाही. शिवाय हजाराच्या घरातली ताकद झेलणारा डायनो काउंटीच्या क्लबाकडे असतो कुठे?

आरपीएमची मर्यादा शेतातून आलेल्या, अगदी मूळ अवस्थेतल्या ट्रॅक्टरांच्या क्लासला चालते. तिथे गव्हर्नर (फेरे आवरणारी यंत्रणा) कंपनीचाच असतो आणि फसवणुकीतून मिळणारा फायदा थोडा असतो. हॉट फार्मला चालत नाही. फेरे मोजायला प्रत्येक ट्रॅक्टरवर सेन्सर लावावा लागतो. त्याचं कॅलिब्रेशन कोण करणार, तार कोणी ओढली तर काय, मर्यादा अर्ध्या सेकंदासाठी ओलांडली तर बाद करायचं का, हे सगळे प्रश्न मैदानावर उभे राहतात. लोक यावर तासन्‌तास भांडतात आणि शेवटी प्रमुख तपासनीस ‘चालू द्या’ म्हणतो. ज्या नियमाचा शेवट ‘चालू द्या’ असा होणार तो लिहू नये.

मग राहिले घन इंच, आणि इथे जरा थांबायला हवं.

४६६ हा आकडा कुठून आला ते तुमच्या शेजाऱ्याला पाठ असेल. इंटरनॅशनल हार्वेस्टरचं डीटी-४६६ आणि जॉन डिअरचं ४६६, दोन्ही सहा सिलिंडरची, साधारण ७.६ लिटरची. लाल (इंटरनॅशनल) आणि हिरवा (डिअर), दोन्ही गटांकडे ही इंजिनं भरपूर होती, ब्लॉक भंगारातही मिळत, सुटे भाग माहितीचे. म्हणून मर्यादा तिथे बसली. नियम घातला तेव्हा तो खर्च रोखणाराच होता. आता त्याच ४६६ मध्ये लोक खास कनेक्टिंग रॉड, खास पिस्टन, बळकट केलेले लायनर आणि हेड घालतात, कारण क्षमता वाढवता येत नाही म्हटल्यावर फेरे वाढवण्यावाचून मार्ग राहत नाही. मर्यादेने पैसा वाचत नाही, तो दुसऱ्या जागी जातो. कुठे जाऊ द्यायचा एवढंच क्लबाच्या हातात असतं.

घन इंच मोजणंही सोपं नाही. हेड उतरवून व्यास आणि स्ट्रोक मोजता येतो, पण फेअरच्या रात्री हेड उतरवायला लावलं तर तो माणूस पुढच्या वर्षी येणार नाही. इंजेक्टरच्या भोकाला जोडून इंजिन फिरवत क्षमता मोजायची उपकरणं मिळतात; ती वापरायला वेळ आणि शांत डोकं लागतं. बहुतेक क्लब म्हणूनच मोजतच नाहीत. कोणी तक्रार केली आणि अनामत भरली तरच मोजतात. तुमच्या क्लासमध्ये आज सगळे ४६६ वरच आहेत, असं मी तरी छातीठोकपणे म्हणणार नाही.

आता खरी मर्यादा बघा. इंजिन कितीही मोठं असो, डिझेल जाळायला हवा लागते, आणि एकाच टर्बोच्या इंजिनात ती सगळी टर्बोच्या तोंडातून येते. त्या तोंडात हवेचा वेग आवाजाच्या वेगाला पोचला की बाहेरचा दाब आहे तोवर त्याहून जास्त हवा आत जाऊच शकत नाही. ३ इंचांच्या गोल तोंडाचं क्षेत्रफळ सुमारे ४५.६ चौरस सेंटिमीटर. २५ अंशांच्या हवेत, समुद्रसपाटीच्या दाबाला, त्यातून आदर्श परिस्थितीत सेकंदाला साधारण १.०८ किलो हवा जाते. पुलिंगमधलं डिझेल काळा धूर ओकत चालतं; १८ भाग हवेला १ भाग इंधन आणि ३५ टक्के कार्यक्षमता धरली तर ही हवा सुमारे १२०० हॉर्सपॉवरला पुरते. प्रत्यक्षात कंप्रेसर, म्हणजे टर्बोचा हवा दाबणारा भाग, त्या टोकाला पोचत नाही, म्हणून आकडा कमीच येतो. पण छत, म्हणजे ताकदीची वरची हद्द, तेच राहतं, मग खाली इंजिन ४६६ चं असो वा ६४० चं.

फरक पडतो तो त्या छतापर्यंत पोचायला किती त्रास होतो यात. बूस्ट, म्हणजे टर्बोने चढवलेला हवेचा दाब, सारखा धरला तर ६४० घन इंचांचं इंजिन ४००० फेऱ्यांना जितकी हवा ओढतं, तितकी ओढायला ४६६ ला जवळजवळ ५५०० फेरे मारावे लागतात. ५५०० फेऱ्यांवर जड पिस्टनाचं डिझेल फार दिवस टिकत नाही. नाहीतर बूस्ट वाढवा, मग हेड गॅस्केटची रडारड. मोठ्या इंजिनवाला आरामात चालतो, खालच्या फेऱ्यांना टॉर्कही (फिरवायचा जोर) जास्त मिळतो, आणि स्लेडचं वजन पुढे सरकून इंजिन दबायला लागतं त्या शेवटच्या पन्नास फुटांत हाच टॉर्क स्पर्धा जिंकून देतो.

म्हणून ‘तोंड ३ इंच ठेवून घन इंच काढा’ या सूचनेचा परिणाम तुमच्या बैठकीत कोणी बोलला नसेल तर तुम्ही बोला. ३ इंची टर्बो आणि ६४० घन इंच, असा क्लास आधीपासून आहे. त्याचं नाव सुपर फार्म. एनटीपीएच्या मैदानांवर तो गर्दी खेचणारा क्लास आहे आणि त्यातले ट्रॅक्टर तुमच्या हॉट फार्मपेक्षा खूप पुढचे आहेत. तुम्ही घन इंच काढले की आसपासच्या तीन राज्यांतले सुपर फार्मवाले मोकळ्या शनिवारी थोडी वजनं इकडची तिकडे करून तुमच्या फेअरला येतील, पहिली चार बक्षिसं घेऊन जातील, आणि दोन वर्षांत तुमच्या काउंटीतले सात-आठ शेतकरी घरी बसतील. सूचना करणाऱ्याचा हेतू वाईट असेल असं नाही. पण ज्याच्या शेडमध्ये मोठं इंजिन आधीच तयार पडलंय, त्याला ती जास्त आवडत असेल.

आता तोंड २.६ इंच करून बघा. हा आकडा माझ्या डोक्यातून आलेला नाही. डिझेल पिकअप ट्रकांच्या क्लासमध्ये तो रुळलेला आहे, त्यामुळे त्या मापाचे टर्बो बाजारात तयार मिळतात. क्षेत्रफळ ३ इंचांच्या तुलनेत ७५ टक्के होतं. वरच्याच हिशेबाने हवा सेकंदाला ०.८१ किलो, छत साधारण ९०० हॉर्सपॉवरचं. आणि या हिशेबातली मजा इथे आहे: २.६ इंची तोंडामागचं ४६६ तेवढंच आरामात असतं जेवढं ३ इंची तोंडामागचं ६२० असतं. लहान इंजिनाला छत गाठायला जीव काढावा लागत नाही. फेरे कमी, गॅस्केट टिकतं, रॉड ब्लॉकबाहेर येत नाही. मोठ्या इंजिनाला थोडा फायदा उरेलच, पण तो त्याला बक्षिसं लुटू देण्याएवढा नसेल. आणि सुपर फार्मवाला तुमच्या क्लाससाठी वेगळा टर्बो लावून, पंप नव्याने जुळवून येणार नाही.

खर्च? प्रत्येकाला एक टर्बो घ्यावा लागेल आणि पंप-नोझलची जुळणी पुन्हा करावी लागेल. म्हणून ठरावात लिहा की बदल पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या मोसमापासून लागू. एका हिवाळ्यात नियम बदलून त्याच उन्हाळ्यात लावणारे क्लब मी पाहिले आहेत. त्यांच्याकडे हुकला लागणारे, म्हणजे स्लेड ओढायला येणारे, ट्रॅक्टर कमी होतात आणि मग क्लासच बंद पडतो.

नियमाची भाषा मात्र काळजीने लिहा. ‘टर्बो २.६ इंची’ एवढंच लिहिलंत तर पहिल्याच वर्षी फसाल. काही टर्बोंच्या तोंडाच्या आतल्या भिंतीला एक खाच असते, तिला मॅप-विड्थ खाच म्हणतात. मूळ काम कंप्रेसर अडखळू नये हे, पण तोंड भरून वाहू लागलं की त्याच खाचेतून जास्तीची हवा चाकापर्यंत पोचते. म्हणून ‘गुळगुळीत बोअर, खाच नाही’ असं स्पष्ट हवं. दुसरं, कंप्रेसरचं चाक त्या २.६ इंची भागात आतपर्यंत आलेलं असलं पाहिजे. किमान एक-अष्टमांश इंच तरी. नाहीतर लोक पुढे २.६ ची नुसती रिंग बसवतात आणि मागे मोठं चाक ठेवतात. तिसरं, इंजिनात जाणारी सगळी हवा याच तोंडातून गेली पाहिजे. हे तपासायला सोपी पद्धत आहे: इंजिन आयडलला (भार न देता, कमीत कमी फेऱ्यांवर) ठेवा, तोंडावर रबर लावलेली पट्टी घट्ट दाबा. इंजिन बंद पडलं पाहिजे. चालत राहिलं तर कुठून तरी हवा येतेय. (हात लावू नका. हे सांगावं लागतं, म्हणून सांगतो.) चौथं, नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन पुरवणारी इतर कोणतीही गोष्ट बंद, कारण ती बाटलीतून आणलेली हवाच आहे.

मापायला स्टीलचं गेज बनवून घ्या, मर्यादेपेक्षा केसभर मोठं. ते आत गेलं तर ट्रॅक्टर बाद, नाही गेलं तर पास. कॅलिपर घेऊन ‘माझा २.५९८ दाखवतोय’, ‘माझा २.६०३’ असली चर्चा नको. आणि ओढून आल्या आल्या मापू नका. कंप्रेसरचं हाउसिंग अॅल्युमिनियमचं असतं. ८० अंशांनी तापलं तर एवढ्या मापात एक-दशांश मिलिमीटरहून थोडी जास्त वाढ होते. प्रामाणिक माणूस तेवढ्याने बाद होऊ शकतो. थंड होऊ द्या किंवा ओढायच्या आधी मापून सील लावा.

हा नियम आला की पैसा टर्बोच्या आत जाईल हे धरून चाला. तोंड २.६ चं, पण चाकाची मागची बाजू मोठी, बिलेटमधून (धातूच्या अखंड ठोकळ्यातून) कापलेलं चाक, बॉल बेअरिंग, असं सुरू होईल. होऊ द्या. त्यातून मिळणारा फायदा पाच-दहा टक्क्यांचा, आणि त्यासाठी कोणाचा ब्लॉक फुटत नाही.

इंजिनावर एवढं बोललो, पण तुमच्या क्लबाच्या तपासणीत खरा भर हवा तो इंजिनाच्या मागच्या बाजूला. स्लेड जोडायच्या हुकची उंची ही सर्वांत स्वस्त हॉर्सपॉवर आहे. मोठ्या संघटनांच्या बहुतेक ट्रॅक्टर क्लासमध्ये ती जमिनीपासून २० इंचांपर्यंतच चालते. का, ते बघा: स्लेड ४५०० किलोच्या जोराने मागे ओढतोय आणि दोन्ही आसांतलं अंतर ३ मीटर आहे, तर २० इंचांवरचा हुक पुढच्या चाकांवरून सुमारे ७६० किलो भार उचलून मागच्या चाकांवर टाकतो. हुक २२ इंचांवर नेला तर ८४० च्या जवळ. म्हणजे दोन इंचांत पाऊणशे किलो फुकट पकड, वजनकाट्यावर दिसतही नाही. ड्रॉबार, म्हणजे हुक असलेला मागचा दांडा, वाकणारा, स्प्रिंगसारखा उचलला जाणारा असू नये. नुसतं उभ्या ट्रॅक्टरला टेप लावून भागत नाही, ड्रॉबारखाली जॅक लावून किती उचलला जातो ते बघा. टायरमधली हवा तपासणीनंतर वाढवली तर हुक वर जातो, हेही लक्षात ठेवा. वजनकाटा ओढीनंतरच, पहिल्या तिघांचा तरी. टायरच्या मापाची मर्यादा वाचून दाखवा, कारण कापून धार लावलेल्या टायरांच्या बाबतीत माप बाजूच्या आकड्यावरून घ्यायचं की प्रत्यक्ष, हा वाद हमखास होतो.

इंजिनावर जवळपास मर्यादाच नको म्हणणाऱ्यांसाठी मॉडिफाइड क्लास आहे, आणि तिथे काय होतं ते बघण्यासारखं आहे. वजन ठरलेलं, मग त्यात चार-चार सुपरचार्ज केलेली व्ही-८ बसवा, दुसऱ्या महायुद्धाच्या विमानातलं २८ लिटरचं ॲलिसन बसवा, नाहीतर हेलिकॉप्टरची टर्बाइन बसवा. जमिनीवरच्या वेगाच्या विक्रमांसाठी गाजलेले आर्ट आर्फन्स पुढे टर्बाइनचे ट्रॅक्टर घेऊन याच खेळात उतरले होते. जर्मनीतल्या ‘ड्रॅगन फायर’मध्ये तर सोव्हिएत नौदलाच्या क्षेपणास्त्र बोटींचं ४२ सिलिंडरचं झ्वेझ्दा इंजिन आहे, क्षमता १४३ लिटरांच्या वर. बघायला भारी, मी स्वतः तिकीट काढून जाईन. पण तो ज्याच्याकडे पैसा आणि प्रायोजक आहे त्याचा खेळ. दिवसा मका पेरून संध्याकाळी त्याच ट्रॅक्टरने ओढायला येणाऱ्याचा नाही. मधल्या पायऱ्यांवर संघटनांनी वेगवेगळ्या युक्त्या केल्या. प्रो स्टॉकमध्ये १०,००० पौंड, ६८० घन इंच आणि टर्बो एकच, पण तोंडावर एवढी ओढाताण नाही. सुपर स्टॉकमध्ये टर्बोला टर्बो जोडून दीडशे पीएसआयच्या (चौरस इंचाला पौंड) वर बूस्ट नेतात. तिथे मिथेनॉल जाळणाऱ्यांनी डिझेलवाल्यांना मागे टाकलं, कारण मिथेनॉल बाष्प होताना हवा प्रचंड थंड करतं आणि तेवढ्याच हवेत कितीतरी जास्त जाळता येतं. शेवटी डिझेलवाल्यांना वेगळी रांग द्यावी लागली.

सुरक्षेच्या बाबतीत तडजोड नको. डिझेलला इंधन तोडून भागत नाही. फुटलेल्या टर्बोचं तेल पिऊन ते पळत सुटतं. म्हणून हवा बंद करणारी झडप हवी, आणि तिची दोरी स्लेडला बांधलेली हवी, म्हणजे हुक सुटला की इंजिन आपोआप बंद. धुराड्यात एकमेकांना काटकोनात दोन कडक बोल्ट, टर्बोचं चाक फुटलं तर तुकडे प्रेक्षकांत जाऊ नयेत म्हणून. टर्बोभोवती आवरण, क्लचभोवती आवरण. यातलं एखादं नसेल तर कितीही जुना सभासद असो, तो हुकला लागणार नाही. ‘चालू द्या’ इथे कधीच नाही.

जाता जाता तुम्ही विचारलंत, आपल्याकडे असं का होत नाही. आपल्याकडे, म्हणजे पंजाब-हरियाणात, टोचन होतं: दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ लावून साखळीने बांधायचे आणि जो दुसऱ्याला ओढेल तो जिंकला. स्लेड नाही, त्यामुळे मोजायचं अंतरच नाही. क्लास बहुधा बॉनेटवरच्या एचपीवर, आणि पंप किती उघडलाय ते ज्याचं त्याला माहीत. पुढचं चाक उचललं की ट्रॅक्टर मागे उलटायचा धोका, आणि इंजिन बंद करणारी दोरी नाही. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये गुरदासपूर जिल्ह्यात ट्रॅक्टर-स्टंट करताना एका तरुणाचा जीव गेला आणि पंजाब सरकारने ट्रॅक्टरच्या स्टंटवर बंदी घातली. महाराष्ट्रात कोणाला हा खेळ नीट आणायचा असेल तर इंजिनाच्या नियमापासून सुरुवात करू नये. आपले बहुतेक ट्रॅक्टर ३५ ते ५० एचपीचे, इंजिन तीन लिटरांच्या आसपास. मूळ अवस्थेत ठेवले तर आपसांत फारसा फरक नाही. आधी एक वजन सरकवणारा स्लेड बनवा, ते काम चांगल्या ट्रॉली बनवणाऱ्या कारखान्याच्या आवाक्यातलं आहे. वजनकाटा साखर कारखान्याकडे आहेच. हुकची उंची आणि स्लेडला बांधलेली दोरी हे दोन नियम पहिल्या दिवशी घाला. टर्बोचं तोंड मापायची वेळ यायला बराच अवकाश आहे.